पहिल्या धारेची

मेक्सिकोच्या खेड्यात गाळलेली दारू पारंपरिक, मग आपल्या खेड्यातली गावठी का? मी ज्याला विचारलं तो नुसता हसला.

दुबई मरीनाच्या आमच्या रेस्टॉरंटात एक साहेब आला होता, मेक्सिकोतल्या गावोगावच्या भट्ट्या फिरून, तिथली दारू पाहुण्यांना चाखवायला. त्याने पडद्यावर फोटो दाखवले, तर ज्याची ती दारू गाळतात ते झाड आपलं बांधावरचं घायपात निघालं! आपण त्याचे दोर वळतो. इथे पाहुणे ग्लासात नाक घालून म्हणत होते, "मातीचा गंध येतोय!"

माझा दादा असता तर मला कोपराने ढोसून हसला असता. हीच दारू तो इथे वाढायचा, पण स्टाफला चाखायला मनाई. गेल्या महिन्यात तो झोपेतच गेला आणि त्याचा ट्रे माझ्या हातात आला.

साहेब म्हणाला, "तिकडे वारलेल्या माणसांसाठी पहिली धार जमिनीवर सोडतात." सगळे "वा, वा" म्हणाले. ग्लास मात्र कुणी कलता केला नाही.

मी बाटलीच कलती केली.

"अरे पागल, कार्पेट!" मॅनेजर ओरडला. "ये क्या कर रहा है?"

"परंपरा है, सर," मी म्हणालो, आणि बाटली रिकामी होईपर्यंत दादाला पाजली.