चाळीस बाटल्या आणि एक ‘वा’

…आणि वर मलाच शिकवतो, “साडूभाऊ, लेबल नखानं खरवडायचं नाही, भिजू द्यायचं!” अरे, तू कोण मला सांगणारा? तुझ्या स्वतःच्या बाटल्यांवर अर्धी लेबलं तशीच! तुम्हाला सांगतो, मी जळतो असं नाही हं!

हा म्हणजे बायकोच्या धाकट्या बहिणीचा नवरा. जावई होऊन जेमतेम दोन वर्षं. घरी बिअर बनवतो. एका रविवारी सासऱ्यांना ग्लास भरून दिला, त्यांनी घोट घेतला, डोळे मिटले आणि म्हणाले, “वा!” …वा! अहो, अठरा वर्षं मी त्या घरचा जावई! त्यांचं कपाट जिन्यावरून एकट्यानं चढवलं, दाताच्या डॉक्टरकडे मांडीला मांडी लावून बसलो, एकदा तरी ‘वा’? “हं, ठेवा तिकडे,” बस्स! मी जळतो असं नाही, पण माणसाला काही वाटतं की नाही?

मी ठरवलं, आपणही बिअर करायची. बायको म्हणाली, “आधी बाथरूमचा नळ गळतोय तो बघा!” म्हटलं, नळ राहू दे, बाटल्या आणतो. भंगारवाल्याकडून चाळीस आणल्या… काय बाटल्या! एकीत सिगारेटचं थोटूक, एकीत कसलंसं तेल, एकीत कोळी, तोही असा बसलेला की भाडेकरू मी आहे! बाथरूममध्येच सोड्याच्या गरम पाण्यात दोन दिवस भिजवल्या, तोवर आंघोळीला सगळे शेजाऱ्यांकडे! मग लेबलं काढली, डिंक काढला, लांब दांड्याचा ब्रश आत घालून घासल्या, एकेक उजेडाकडे धरून बघितली, डाग दिसला की पुन्हा पहिल्यापासून. माझी नखं गेली, कंबर गेली, बायकोचं बोलणं गेलं… नाही, ते नाही गेलं! शेवटी जंतुनाशकातून काढून उलट्या निथळत ठेवल्या. आमची धाकटी लेक म्हणाली, “बाबा, तुम्ही आमचे डबे असे कधी धुतले नाहीत!”

मग बिअर भरायची वेळ. मोठ्या पिंपात ती तयार होत आली होती, तिथून नळीनं बाटलीत काढायची. नळीतून येईना. मी नळी तोंडात धरली, ओढली, आली धार! भरल्या चाळीस, बुचं ठोकली आणि तीन आठवडे त्यांच्याकडे बघत बसलो.

रविवारी सासऱ्यांकडे सगळे जमले. बाटली उघडली, ग्लास भरले. सासऱ्यांनी घोट घेतला. डोळे मिटले… म्हटलं, आला, आला ‘वा’! …ते उघडलेच नाहीत. तोंड असं झालं, जणू लिंबू चावलं. सासूबाई म्हणाल्या, “व्हिनेगर म्हणून ठेवू का?” आणि हा, हा साडू, प्रेमानं विचारतो, “साडूभाऊ, नळी तोंडानं ओढलीत का?”

“मग काय नाकानं ओढू?”

“तोंडातले जंतू उतरतात हो बिअरमध्ये. आंबते!”

तुम्हाला सांगतो, चाळीस बाटल्या निर्जंतुक केल्या, फक्त माझंच तोंड राहिलं! बायको म्हणाली, “मी अठरा वर्षं तेच सांगतेय!” सगळे हसले. मीही हसलो… दात दाखवायला काय जातंय?

तेवढ्यात सासऱ्यांनी रिकामी बाटली उजेडाकडे धरली, फिरवली आणि म्हणाले, “वा!” …मी खुर्चीतून उठलोच. “वा! बाटली काय लख्ख धुतलीय हो! याची बिअर अशा बाटलीत हवी!” झालं! दुसऱ्या दिवशी साडू दारात, त्याच्या रिकाम्या बाटल्यांचे तीन क्रेट धुवायला घेऊन. “बाबांनी सांगितलंय, साडूभाऊ!” नाही कसं म्हणणार? पहिल्यांदाच काहीतरी सांगितलं त्यांनी!

परवा सासऱ्यांनी त्याची बिअर माझ्या बाटलीतून घेतली. डोळे मिटले. “वा!” म्हणाले. बघत होते त्याच्याकडे! मी जळतो असं नाही हं… पण त्या ‘वा’तला अर्धा तरी माझा धरायचा की नाही? …बरं, राहू दे. तो ब्रश द्या इकडे, हिच्या तळाशी अजून डाग आहे.