ज्येष्ठमध दोन्ही पातेल्यांत होता

तुम्ही सगळे आलात. जुरोंगहून, चांगीहून, शहराच्या दोन टोकांहून, काही जण थेट ऑफिसातून. मला भाषण येत नाही. यांच्या फोटोकडे पाठ करून बोलणं तर त्याहून जमत नाही. पण आज बोलले नाही, तर खोटं पक्कं होईल.

बारा दिवस एकच ऐकते आहे. "वहिनी, विलासरावांनी त्या चिनी पाल्याच्या नादी लागायला नको होतं." लिफ्टमध्ये, फोनवर, मघाशी इथे चहा घेतानासुद्धा. तर आता ऐका, काय झालं ते.

यांना फ्लू झाला. क्लिनिकमधले डॉक्टर म्हणाले, व्हायरल आहे, विश्रांती घ्या. ताप गेला, खोकला राहिला. जन्म जहाजाच्या इंजिनरूममध्ये काढलेला माणूस, घरात बसवेना. हे क्लेमेंटीच्या बाजारातल्या मिसेस लिमकडे गेले. त्या चिनी औषधांच्या वैद्य. त्यांनी नाडी पाहिली, जीभ पाहिली आणि विचारलं, "दुसरं काय घेता?" हे म्हणाले, "रक्तदाबाची गोळी." त्यांनी ती कुठली तेही विचारलं आणि बेतानं उकळून घ्यायच्या पुड्या दिल्या.

आणि माझा काढा? तो यांनी सांगितलाच नाही. अडुळसा, सुंठ, ज्येष्ठमध. दिवसातून तीनदा देत होते मी. पण तो आमच्या लेखी औषध थोडाच होता? तो घरचा! हे हसायचे, "तुम्हा दोघींची शर्यत लागलीय. कडू कोणाचा जास्त?"

दोन आठवड्यांनी पाय जड झाले. मी म्हटलं, अशक्तपणा आहे. काढा चारदा केला. ऐकलंत ना? मी केला.

हॉस्पिटलात डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "पोटॅशियम फार उतरलंय, हृदयाचे ठोके चुकताहेत. गोळ्यांशिवाय काही घेत होते?" मी चिनी पुड्यांचं सांगितलं. "आणखी काही?" मी म्हटलं, "नाही." लपवलं नाही हो, आठवलंच नाही. दुसऱ्या दिवशी हे गेले.

मी मॅट्रिक. इंग्रजी शिकले ती लायब्ररीत, डिक्शनरी मांडीवर घेऊन. परवा मिसेस लिमची औषधांची चिठ्ठी वाचली. त्यात लिकोरिस. म्हणजे आपला ज्येष्ठमध. मग त्याच्यावर मिळेल ते वाचलं. जास्त झाला, तर पोटॅशियम उतरतं. यांच्या गोळीसारखी लघवी करवणारी गोळी असली, तर लवकर उतरतं. त्यांच्या पातेल्यात चिमूटभर होता. माझ्यात मूठभर.

त्यानंच गेले, असं डॉक्टर ठामपणे म्हणत नाहीत. मीही म्हणत नाही. फ्लूनं आधीच खिळखिळं केलं होतं. पण दोष द्यायचाच असेल, तर पत्ता चुकवू नका.

आणि काल आपल्याच ग्रुपवर काढ्याची कृती आली. "पूर्ण नैसर्गिक, अपाय शून्य." खाली हात जोडणाऱ्यांची रांग. माझ्या घरात अजून दिवस चालू आहेत! राग येतो मला. तुमचा येतो, माझा त्याहून जास्त येतो. कोणी विचारलं, काय घेता, तर आधी घरातलं सांगा. एवढं तरी करा.

मिसेस लिम आल्या आहेत. मागे, खांबाजवळ. त्यांच्या दोन्ही बाजूंच्या खुर्च्या रिकाम्या आहेत, मी मघापासून बघते आहे. त्यांना मराठी कळत नाही. रिकाम्या खुर्च्या कळतात.

मी आता तिथे जाते. मी त्यांच्याजवळ पोचले, की सगळे उभे राहा. एक मिनिट कोणी काही बोलू नका. यांच्यासाठी.