सत्तरावं नाव

मंगळवारची जनसुनवाई होती, लोकांचे अर्ज ऐकायचा दिवस. बुऱ्हाणपूरच्या कलेक्टर कचेरीत, लाइनीत माझ्यापुढे एक मास्तर आणि त्यांच्या गावची आशाबाई उभी होती. मास्तरांच्या हातात गावासाठी हायस्कूलची इमारत मागणारा अर्ज आणि मुलांची यादी.

“आशाबाई, नववीच्या यादीत योगिताचं नाव तसंच राहिलंय. काढावं लागेल.”

“काढल्यावर किती राहतात, गुरुजी?”

“एकोणसत्तर.”

“अन् साहेबाले किती पाहिजे?”

“सत्तर. एक जरी कमी पडलं तरी बजेटमधी घेत नाहीत. पुढच्या साली पाहू म्हणतील.”

“मागच्या सालीबी हेच म्हटलं होतं.”

“हो. तवाच मंजूर झालं असतं तर...”

“ते जाऊ द्या. नाव राहू द्या.”

“खोटं होईल ते.”

“खोटं कसं? नववीलेच तर चालली होती ती. गावात शाळा असती तर शनवाऱ्याच्या शाळेत जायले त्या पलटलेल्या ऑटोत कायले बसली असती?”

“तिच्या मृत्यूच्या दाखल्याचा फॉर्म मीच भरला होता, बाई.”

“मले माहीत आहे. रेशन कार्डातलं नाव मी सोता कापून आली. इथलं नाही कापू देत.”

“अन् गावात तपासणी आली तर? यादी घेऊन एकेकाच्या नावानं हाक मारतात.”

“मारू द्या, गुरुजी. दिवाळीपासून आमच्या घरात कोणी तिचं नाव घेतलं नाही.”