बरणी माझी, आतलं तिचं

नणंद : बरणी माझी आहे. आत जे आहे ते माझं नाही.

वहिनी : ताई, आधी बसा तरी. उन्हातून आलात. चहा टाकते.

नणंद : चहा राहू दे. इकडे बघ. माझ्या क्रीममध्ये बोट घातलं की तेलकट निघतं. हे लावलं न लावलं तोच जिरलं. आणि अंगची चमक बघ याच्या. माझ्या क्रीमला असली चमक जन्मात आली नाही.

वहिनी : हवा बदलली की क्रीमही बदलतं थोडं.

नणंद : मला शिकवतेस? तू या घरात आलीस त्याच्या आधीपासून मी आईसाठी क्रीम करतेय. मेण वितळलं की नाही ते मी वासावरून ओळखते.

वहिनी : जरा हळू बोला ना. आईंचा आत्ताच डोळा लागलाय.

नणंद : उठू दे. उठली की तिलाच विचारते, बाई गं, तुझ्या लेकीचं क्रीम तुझ्या सुनेनं कुठल्या मोरीत ओतलं.

वहिनी : मोरीत नाही ओतलं.

नणंद : मग गेलं कुठे? मागच्या खेपेला काठोकाठ भरून आणली होती मी. माझं फेकून दिलंस, तुझं भरलंस, आणि वर माझं नाव लागू दिलंस. ते माझं नाव का लागू दिलंस तेवढंच कळत नाहीये मला.

वहिनी : तुम्ही बोलू दिलंत तर सांगेन.

नणंद : यात तुझी ती पावडर आहे. ती पांढरी, भुसभुशीत. साखरेच्या डब्यामागे दडवून ठेवतेस ती.

वहिनी : दडवून नाही, दमट हवा लागू नये म्हणून. कार्बोमर. आहे, घातलीय मी.

नणंद : बघ. माझ्या बोटाला बरोबर कळलं. माझ्या आईच्या हातांना प्लास्टिक फासतेस तू.

वहिनी : कारखान्यात बनलेली आहे, ते मी कधी नाकारलं नाही. झाडाला नाही लागत ती. पण चिमूटभर घातली की भांडंभर पाणी धरून ठेवते. विकतच्या कितीतरी जेलमध्ये असते. तुम्ही केसांना लावता त्यातसुद्धा असेल.

नणंद : माझ्या केसांपर्यंत जाऊ नकोस.

वहिनी : ताई, तुमचं क्रीम इथे पोचतं तेव्हा फाटलेलं असतं.

नणंद : काय असतं?

वहिनी : फाटलेलं. वर तेल, खाली पाणी. बसमध्ये पिशवी खिडकीशी ठेवता तुम्ही, वाटभर ऊन खाते ती.

नणंद : साफ खोटं. आई मला एका शब्दानं बोलली नाही.

वहिनी : त्यांना माहीतच नाही. तुम्ही आल्या आल्या बरणी त्यांच्या हातात देता, त्या उशाशी ठेवतात. झाकण उघडतं ते तुम्ही गेल्यावर, आणि उघडते मी. इथे आल्यावर तुम्ही कधी उघडून बघितलीत? आज जुनी उरलेली दिसली म्हणून पहिल्यांदा बोट घातलंत.

नणंद : मग मला सांगायचं होतंस. फोन काय शोभेला आहे?

वहिनी : आणि तुम्ही मानलं असतंत?

नणंद : पुढचं बोल.

वहिनी : आईंना दाखवलं असतं, तर लेकीचं म्हणून तेच पाणी चोळत बसल्या असत्या. जन्मभर लाँड्रीतल्या साबणात गेलेले हात ते. भेगांतून रक्त यायचं, विसरलात का? म्हणून मी बरणी स्वयंपाकघरात न्यायची. सगळं भांड्यात काढून कोमट करायचं. दुसऱ्या भांड्यात पाण्यावर पावडर भुरभुरायची आणि गप्प बसायचं. ढवळलं की गोळे होतात, मग ते जन्मात सुटत नाहीत. तिची ती भिजली की नुसतं गढूळ पाणी दिसतं, वाटतं मेहनत वाया गेली. मग कॉस्टिक सोड्याच्या अगदी पातळ पाण्याचे थेंब टाकायचे, मोजून, जपून. ते पडले की एकदम घट्ट होतं आणि स्वच्छ दिसायला लागतं. ते तुमच्या क्रीममध्ये फेटायचं. मग तेल वर येत नाही, जिथल्या तिथे राहतं.

नणंद : म्हणजे तेल माझंच आहे.

वहिनी : तेल तुमचं, मेण तुमचं, वास तुमचा.

नणंद : आणि गुण तुझा.

वहिनी : असं मी म्हटलं नाही.

नणंद : तुझं तोंड म्हणतंय. थांब. मिठाचं तूच विचारलं होतंस ना मला? क्रीममध्ये मीठ घालता का म्हणून?

वहिनी : हो. तुम्ही चिमूटभर मीठ घालता, क्रीम धरावं म्हणून. माझ्या पावडरीला मीठ सोसत नाही. पहिल्या खेपेला छान घट्ट झालेलं जेल माझ्या डोळ्यांदेखत पाणी झालं. कारण सापडेना, म्हणून विचारलं.

नणंद : आणि मला काय सांगितलंस? आईच्या भेगांना मीठ झोंबतं. माझ्या हातचं आईला झोंबतं, हे ऐकून मला त्या दिवशी घास गेला नाही.

वहिनी : ते चुकलं माझं. दुसरं काही सुचलं नाही.

नणंद : मीठ बंद केलं म्हणूनच फाटायला लागलं असेल.

वहिनी : मिठासकटही फाटत होतं, ताई.

नणंद : दुसरं काहीतरी बोल.

वहिनी : वास फार छान असतो त्याचा.

नणंद : उपकार झाले. एवढं येतं तर तुझं स्वतःचं जेल का नाही दिलंस तिला? उगाच माझ्या बरणीत कशाला कारभार करायचा?

वहिनी : दिलं होतं. थोडे दिवस लावलंही त्यांनी. हात मऊ वाटतात म्हणाल्या. मग तुमचा फोन आला.

नणंद : कुठला फोन?

वहिनी : "आई, ते प्लास्टिक आहे, हाताला लावू नकोस. ती काहीही करते, तू मुकाट लावत बसू नकोस." फोन स्पीकरवर होता. मी शेजारीच कपड्यांच्या घड्या घालत होते.

नणंद : मला काय ठाऊक तू शेजारी आहेस.

वहिनी : नसते तर बरं झालं असतं का?

नणंद : मग आईनं काय केलं त्याचं?

वहिनी : दाराच्या बिजागरीला लावलं. करकर थांबेल म्हणून.

नणंद : थांबली?

वहिनी : ते पाण्याचं असतं, ताई. बिजागरी गंजली. दार अजून करकरतं, येताना ऐकलंत की.

नणंद : हसू नकोस. मलाही हसवू नकोस. मी भांडायला आलेय.

वहिनी : भांडा ना. मलाही भांडायचंय. रोज संध्याकाळी आई हात पुढे करतात. मी खाली बसते, बोटन्‌बोट चोळते. आणि डोक्यावरून आवाज येतो, "लेकीच्या हाताला गुण आहे गं." शेजारीण आली की तिला हात दाखवतात, लेकीनं बरे केले म्हणून. मी तिथंच बसलेली असते, माझी बोटं अजून त्या क्रीममध्ये असतात. कधी कधी वाटतं, बरणी हातातून सुटली तर बरं. तुमच्या नावाच्या तव्यावर पोळी झालीय माझी नुसती. भाजून भाजून.

नणंद : तुला माझा हेवा वाटतो?

वहिनी : वाटतो. का वाटू नये?

नणंद : माझा? अगं, तिचा हात रोज तुझ्या हातात असतो. ताप आला की तुला आधी कळतं, मला उतरल्यावर. माझी खोली होती तिथं तुझं शिलाई मशीन आहे. माझ्या कपाटात तुझे कपडे. मी कधी ब्र काढला? घर भावाचं, मग तुझंच. पण ही बरणी तेवढी राहिली होती. हिच्या निमित्तानं मी येते. तू चांगलं करायला लागलीस तर मी काय सांगून येऊ? "सहज आले" म्हणायची आपल्या घरात सवयच नाही. मी जळते तुझ्यावर, वहिनी. बसमध्ये बसल्यापासून जळत येते.

वहिनी : मला वाटायचं, तुम्ही मला हलकी समजता.

नणंद : हलकी समजले असते तर फोन कशाला केला असता?

वहिनी : घ्या, पाणी घ्या.

नणंद : मला शिकव ते पावडरीचं.

वहिनी : नाही.

नणंद : नाही म्हणजे?

वहिनी : ते तुम्हाला आलं की तुम्ही घरूनच नीट करून आणाल. मग माझं त्यात काय उरलं? चोळणारी मोलकरीण. नाही शिकवणार. तुम्ही फाटलेलंच आणत जा.

नणंद : असं होय? मग मी आईला सगळं सांगते.

वहिनी : सांगा. मग हेही बिजागरीला जाईल, आणि भेगा परत उघडतील. प्लास्टिक हा शब्द त्यांच्या डोक्यात तुम्ही घातलाय, मी नाही. मला नाव नको असं नाही, ताई. पण त्या हातांकडे बघवत नव्हतं मला.

(दाराची करकर. आई येते, दोन्ही हात पुढे धरून.)

आई : कसली कुजबुज चाललीय? तू कधी आलीस गं?

नणंद : झाला थोडा वेळ.

आई : मग उठवायचं नाही का? क्रीम आणलंस?

नणंद : आणलंय.

आई : हे बघ हात. एक भेग राहिली नाही. मी हिला रोज सांगते, लेकीच्या हाताला गुण आहे. आज तूच लाव बाई. ही लावते, पण घाईघाईत.

वहिनी : हो. घाईत होतं खरं.

नणंद : घाईत लावत नाही ती.

आई : तुला काय माहीत? तू कुठे असतेस इथे?

नणंद : मी नसते, तेच सांगतेय. आई, बरणी माझी आहे. आतलं ती करते. माझं क्रीम इथे येईपर्यंत फाटतं. ती ते परत जुळवते, तिच्या पावडरीनं.

आई : ती प्लास्टिकची पावडर?

नणंद : ते मी जळून बोलले होते. तू हिच्या हातचं लावतेस, मऊ वाटतं म्हणतेस, ते मला सोसवलं नाही. पावडर चांगली आहे. तुझे हात बघ ना.

आई : म्हणजे मी हिच्यासमोर तुझे गोडवे गायचे, आणि करणारी हीच?

वहिनी : हो.

आई : आणि तू ऐकून घेत होतीस?

वहिनी : सांगितलं असतं तर तुम्ही लावणं सोडलं असतं.

आई : सोडलंच असतं. मी काही कमी हट्टी नाही. ये, खाली नको, इथे माझ्या शेजारी बस. लाव.

वहिनी : ताईंना लावू दे आज.

नणंद : नको. माझे हात प्रवासानं मळलेत. मी निघते, आत्ता निघाले तर बस मिळेल. ही आणलेली बरणी परत नेते.

आई : परत का नेतेस?

नणंद : आता माझ्या क्रीमचं काय काम इथे?

आई : हिला भरायला बरणी लागेलच की. रिकामी आणलीस तरी चालेल.