पुलाच्या अलीकडे बायको

…आणि हे हात बघा माझे, हे वकिलाचे हात वाटतात का तुम्हाला? सगळा दोष त्या पुलाचा आहे. कारण पुलाच्या बरोब्बर मधोमध माझं लग्न मोडायचं, दर रविवारी! तुम्हाला सांगते, इकडे पोसादासला बसमध्ये चढले की निमिया माझी कायदेशीर बायको, आणि तिच्या आईकडे जेवायला म्हणून नदीपार, दुसऱ्या देशात, एन्कार्नासिओनला उतरले की नुसती मैत्रीण. पुलाच्या अलीकडे बायको, पलीकडे मैत्रीण.

आमच्या अर्जेंटिनात दोन बायकांनाही लग्न करता येईल असा कायदा झाला, तेव्हा मी माद्रिदहून शिकून नुकती परतले होते, अंगात नुसतं वारं भरलेलं. वाटलं, आता गाव पेटणार, आता आपण उभं राहून भाषण करायचं. भाषण तयार होतं हो, पाठ! आणि गावानं काय केलं? पाद्रीबाबांनी दोन रविवार नरकाचं वर्णन केलं, तिसऱ्या रविवारी फुटबॉलवर आले. कोपऱ्यावरचा खाटीक म्हणाला, "करा की लग्न. मी केलं तेव्हा मला कुणी अडवलं नाही, तर तुम्हालाच का अडवायचं?" झालं… भाषण राहिलं घशात.

पण पलीकडे! पलीकडच्या रेडिओवर आमच्याबद्दल असं बोलायचे, जसं काही साथ आलीय आणि ती पुलावरून चालत येतेय. आणि पलीकडच्याच पोरी मला हळूच फोन करून विचारायच्या, ताई, तुमच्याकडे भाड्यानं खोली मिळेल का हो, दोघींना?

आणि आमच्या सासूबाई, न्या बेनिता. तिकडे वडीलधाऱ्या बाईला 'न्या' म्हणतात. त्या लग्नाला आल्या नाहीत. काय तर म्हणे गुडघा दुखतो. तोच गुडघा रोज पूल ओलांडून आमच्या बाजारात लिंबं विकायला येतो! बरं, वाईट वागल्या का? तेच तर दुखणं आहे. आंब्याखालची चांगली खुर्ची मला, गार तेरेरेचा, म्हणजे तिकडच्या पाल्याच्या थंड चहाचा, पहिला पेला मला, आणि वर, "पाहुणीला उठू देऊ नका रे." पाहुणी! शेजारी निमियाच्या भावाची बायको मरमर राबायची, तिला सारखी हाक, "सूनबाई, पातेलं उचल, सूनबाई, कोंबड्या हाकल," आणि मी, इतकी शिकलेली बाई, खुर्चीत बसून तिचा हेवा करायची. मला कुणीतरी ओरडा ना! एकदा तरी सून म्हणा! पण नाही. अलीकडे बायको, पलीकडे मैत्रीण.

मग निमियाच्या बहिणीचं लग्न निघालं, पलीकडेच. केकमधून रिबिनी लोंबत होत्या, बिनलग्नाच्या पोरींनी एकेक ओढायची, जिच्या रिबिनीला अंगठी, तिचं लग्न पुढचं. निमियाच्या तोमासामावशीनं माझं कोपर धरलं. "चल गं, तूही ओढ."

म्हटलं, "मावशी, माझं लग्न झालंय."

"ते तिकडे गं."

सगळं अंगण वळून बघायला लागलं. मनात म्हटलं, हीच वेळ भाषणाची! निमिया डोळ्यांनी विनवतेय, नको… आणि सासूबाई? त्या केककडे बघताहेत. काय करता? गिळलं भाषण, धरली रिबीन, ओढली.

आली ना अंगठी!

आता लग्न झालेली बाई पुढची नवरी कशी व्हायची, सांगा! पण तोमासामावशी सुरूच, "आमच्या शेजारी एक मुलगा आहे, निर्व्यसनी, स्वतःचा ट्रक आहे…"

सासूबाईंनी हातातली केकची सुरी खाली ठेवली. हळूच म्हणाल्या, "तोमासा, माझ्या सुनेला स्थळं सांगतेस? तेही माझ्याच अंगणात?"

सुनेला! अहो, माझे डोळेच भरून आले. म्हटलं आता मात्र थांबणं नाही. ताठ उभी राहिले, सुरुवात केली, "न्या बेनिता, आज या नदीच्या दोन्ही काठांवर…"

"ते राहू दे," म्हणाल्या. "सून ना तू? मग नुसती उभी काय राहिलीस? मक्याच्या सोपा-पावाचे ट्रे तळाला करपलेत. जा, घासायला घे."

तेव्हापासून दर रविवारी. अलीकडे बायको, पलीकडे सून. आंब्याखालच्या खुर्चीत आता तोमासामावशी बसते आणि तिथूनच मला सांगते, कोपऱ्यात अजून काळं दिसतंय गं… समान हक्क मागितले होते ना मी? मिळाले. काथ्यासकट.