खोक्यावरचा पाय

डॉक्टरबाई : श्वास सोडा. आणि खाली म्हणजे किती खाली, ते बोला. दोन बोटं की चार?

मिस्त्री : आधी ते कोपर काढा हो. माणसाच्या पाठीत कोपर खुपसून कुणी गाडीचं बोलतं का?

डॉक्टरबाई : कोपर नाही, अंगठा आहे. हे बघा मिस्त्री, तुम्ही माझ्या टेबलावर पालथे पडलाय, तोंड त्या भोकात आहे, उठून पळता येत नाही. गॅरेजमध्ये विचारलं की तुम्हाला नेमका कुणाचा तरी फोन येतो. आज उत्तर घेतल्याशिवाय सोडणार नाही. माझी गाडी खाली कधी बसवताय?

मिस्त्री : खरं सांगू, की बरं वाटेल ते सांगू?

डॉक्टरबाई : हे तुम्ही प्रत्येक गिऱ्हाइकाला विचारता.

मिस्त्री : विचारतो. सगळे म्हणतात, खरं सांगा. सांगितलं की दुसऱ्या गॅरेजात जातात.

डॉक्टरबाई : मी नाही जाणार. बोला.

मिस्त्री : तुमची गाडी दोन दारांची. आधीच जमिनीला नाक घासत चालते. ती तुम्ही रोज काढता, पाऊस बघत नाही, थंडी बघत नाही. सकाळी दवाखाना, दुपारी म्हाताऱ्या पेशंटांच्या घरी, त्यांच्या फाटकातले ते उभे चढ. तिला कडक स्प्रिंगा टाकून खाली बसवली, तर रविवारी सकाळी मोकळ्या रस्त्यावर अर्धा तास मजा. बाकी आठवडाभर एकेक खड्डा तुम्हाला नावाने हाक मारेल.

डॉक्टरबाई : मला तो अर्धा तासच हवाय. अहो, दिवसभर मी एकच शब्द बोलते, सावकाश. सावकाश उठा, सावकाश वळा, सावकाश वाका. घरी गेले की सासूबाई म्हणतात, सावकाश जेव. तलावापाशी ते लांब वळण आहे ना, तिथे मला सावकाश जायचं नाही. आणि नेमकी तिथेच गाडी झोपेत कूस बदलल्यासारखी कलते.

मिस्त्री : कलते, कारण शॉकअप गेलेत. स्प्रिंगेचा त्यात काही दोष नाही. स्प्रिंगेचं काम उडवायचं, शॉकअपचं काम आवरायचं. आवरणाराच थकलाय, तर उडवणारी आणखी जोरकस आणून काय करणार?

डॉक्टरबाई : म्हणून तर पूर्ण सेट मागवला मी! लाल स्प्रिंगा, त्यांच्याच जोडीचे शॉकअप, वर ती फिरवायची चकती. हवं तेव्हा कडक, हवं तेव्हा मऊ.

मिस्त्री : ती चकती लोक एकदाच फिरवतात. पहिल्या दिवशी. मग ती कुठे आहे तेही विसरतात.

डॉक्टरबाई : माझा भाचा म्हणतो, चार बोटं खाली घे, गाडी रस्त्याला चिकटून चालेल.

मिस्त्री : भाचा कुठली गाडी चालवतो?

डॉक्टरबाई : सायकल.

मिस्त्री : मग बरोबर आहे.

डॉक्टरबाई : विषय बदलू नका. सेट आला का?

मिस्त्री : नाही ना. वाटेत आहे.

डॉक्टरबाई : अजून वाटेत?

मिस्त्री : बंदरात अडकलाय म्हणे.

डॉक्टरबाई : मागच्या वेळी कारखाना बंद होता.

मिस्त्री : कारखाना सुरू झाला, मग बंदरात अडकला. एकेका मालाचं नशीब असतं, बाई.

डॉक्टरबाई : उताणे व्हा. साव—

मिस्त्री : म्हणा, म्हणा. सवयीचं आहे.

डॉक्टरबाई : डोकं उशीवर ठेवा, वर उचलू नका. आता उजव्या पायाचा अंगठा नाकाच्या दिशेने ओढा. छान. आता डावा.

मिस्त्री : ओढला.

डॉक्टरबाई : ओढा ना.

मिस्त्री : ओढलाय की.

डॉक्टरबाई : मिस्त्री, मी बघतेय.

मिस्त्री : तुमचा हात आड येत असेल.

डॉक्टरबाई : माझे दोन्ही हात माझ्या खिशात आहेत.

मिस्त्री : मग मोजे जाड असतील म्हणून.

डॉक्टरबाई : मोजे मघाशीच काढलेत मी. तुम्हाला कळलंही नाही का? मागच्या वेळी हा अंगठा हलत होता. चालताना चप्पल पायात राहते का?

मिस्त्री : निसटते कधीमधी. पट्टा सैल झालाय.

डॉक्टरबाई : दोन्ही चपलांचा?

मिस्त्री : डाव्या.

डॉक्टरबाई : आज गाडी कुणी चालवत आणली?

मिस्त्री : बायकोने. तिला हौस आहे.

बायको : हौस? मला? दार लोटलेलंच होतं डॉक्टर, म्हणून ऐकू आलं, मी काही कान लावून बसले नव्हते. हौस कसली मेली! ह्यांचा पाय पायरीला अडकतो, उंबऱ्याला अडकतो, सपाट जमिनीवर सुद्धा अडकतो, आणि वर म्हणतात, फरशी कुणी बसवली. परवा भिंत धरली म्हणून वाचले. रात्री पलंगावर पाठ टेकवत नाही. खुर्चीतच झोपतात, त्या खोक्यावर पाय टाकून.

डॉक्टरबाई : कुठल्या खोक्यावर?

मिस्त्री : अगं, तू बाहेर बस बरं. आमचं चाललंय.

बायको : ते हो, गॅरेजातून उचलून आणलेलं. उचललं कुणी, तर मी आणि शेजारच्यांनी. लाल लाल स्प्रिंगा आहेत आत. उंचीला अगदी बेताचं. मी वर उशी घालून दिलीये.

डॉक्टरबाई : उशी.

बायको : कडक लागत होतं ना ह्यांना.

डॉक्टरबाई : म्हणजे बंदरातून सुटला माल.

मिस्त्री : सुटला.

डॉक्टरबाई : मी इथे दुपारच्या सुट्टीत वळणं घेण्याची स्वप्नं बघतेय, आणि माझं सस्पेन्शन तुमच्या दिवाणखान्यात तुमचे पाय सांभाळतंय!

मिस्त्री : चुकलं माझं. पण सांगतो बाई, त्या खोक्याने जितका आराम पडला ना, तितका ह्या टेबलाने नाही पडला.

बायको : म्हणजे ते डॉक्टरांचं आहे? अगं बाई! मला म्हणाले, एका गिऱ्हाइकाने नको म्हणून टाकून दिलं. डॉक्टर, मी त्यावर एकदा चहाचा ट्रे सुद्धा ठेवला हो.

डॉक्टरबाई : त्याची काही हरकत नाही. मिस्त्री, माझ्याकडे बघा. छताकडे नको. का सांगितलं नाहीत?

मिस्त्री : काय सांगायचं? स्प्रिंग बसवायची म्हणजे आधी ती दाबून आवळावी लागते. आवळलेली स्प्रिंग हातात असते ना, तेव्हा खाली पाय पक्का लागतो. पाय सरकला, हात सुटला, की समोरच्याचा जबडा घेऊन जाते. एक आवळून बघितली मी, तुमचीच. आणि डावा पाय कुठे टेकलाय तेच कळेना. मान खाली घालून बघावं लागलं, पाय आहे ना जागेवर म्हणून. तशीच हळूहळू सैल केली, परत खोक्यात ठेवली. घाबरलो हो. उभ्या आयुष्यात पहिल्यांदा मी स्प्रिंगेला घाबरलो.

बायको : हे मला नाही सांगितलंत.

मिस्त्री : तुला सांगितलं असतं, तर तू ह्यांना सांगितलं असतंस.

डॉक्टरबाई : दुसऱ्या कुणाकडून बसवून घ्यायची.

मिस्त्री : पाटी माझ्या नावाची आहे. मिस्त्रीला वाकता येत नाही, हे एकाला कळलं की सगळ्या पेठेला कळतं. मग गाड्या समोरच्याकडे. आणि तुम्हाला सांगितलं असतं, तर तुम्ही काय म्हणाला असतात ते मला ठाऊक आहे. म्हणून तर तुम्हालाच सांगायचं नव्हतं.

डॉक्टरबाई : खरं सांगू, की बरं वाटेल ते सांगू?

मिस्त्री : बरं वाटेल ते.

बायको : काही नको. खरं सांगा, डॉक्टर.

मिस्त्री : पेशंट मी आहे की ही?

डॉक्टरबाई : मणक्यातली गादी सरकून नसेवर बसलीये. इतके दिवस नस नुसती दुखत होती. आता ती काम सोडायला लागलीये. मी शेकून, व्यायाम देऊन हे जाणार नाही. उद्या सकाळी सर्जनकडे जायचं, मी आत्ता फोन करते. बहुतेक ऑपरेशन सांगतील. टाळाटाळ केलीत, तर नंतर ऑपरेशन करूनही पायात जोर परत येईलच असं नाही.

मिस्त्री : आणि लगेच केलं तर येईलच?

डॉक्टरबाई : तसंही लिहून देता येणार नाही. पण आशा बरी आहे.

मिस्त्री : बघा. म्हणूनच खरं ऐकलं की माणूस दुसऱ्या गॅरेजात जातो.

बायको : तुम्ही कुठेही जात नाही. उद्या सकाळी सर्जनकडे जायचं. गाडी मी काढते. मला हौस आहे ना!

डॉक्टरबाई : आता माझी पाळी. ते खड्डे, ते म्हाताऱ्यांच्या फाटकातले चढ, ती चकती. सगळं खरं होतं, की नुसती वेळ मारून नेत होतात?

मिस्त्री : वेळ मारून नेत होतो. पण त्यात खोटा शब्द एक नाही.

डॉक्टरबाई : म्हणजे लाल स्प्रिंगा नकोतच?

मिस्त्री : रोजच्या गाडीला नकोत. आहेत त्या स्प्रिंगा राहू द्या, त्यांना शोभतील असे चांगले नवे शॉकअप टाका, आणि खालचे रबरी बुश बदला, ते पार चुरा झालेत. सकाळी आमच्या गल्लीतून गेलात, मला आत बसल्या बसल्या ऐकू आलं. एवढं केलं की वळणावर गाडी अंग टाकणार नाही, आणि तुमचे दातही जागेवर राहतील. मी तुम्हाला सेट मागवायलाच नको म्हणायला हवं होतं. पण तुमचा चेहरा इतका खुलला होता, की मीही बरं वाटेल ते बोललो. तो सेट परत पाठवून द्या.

डॉक्टरबाई : परत पाठवला, तर तुम्ही पाय कशावर टाकणार?

बायको : मी पाट देईन हो.

डॉक्टरबाई : नको. खोकं राहू दे तिथेच, उशीसकट. सेटचं नंतर बघू. नवे शॉकअप तुम्ही बरे झालात की तुमच्याच हाताने बसवा.

मिस्त्री : आणि तोवर? त्या गेलेल्या शॉकअपवर तलावाचं वळण घ्याल तुम्ही. ओळखतो मी तुम्हाला.

डॉक्टरबाई : तोवर सावकाश जाईन.

मिस्त्री : तुम्ही?

डॉक्टरबाई : मी. आणि असं म्हणाले हे माझ्या भाच्याला सांगू नका.

मिस्त्री : बाई, एक काम करता का? परत एकदा बघा ना तो अंगठा. मघाशी पाय गार पडला होता. आता बोलून बोलून जरा ऊब आलीये.

डॉक्टरबाई : डोकं खाली. छताकडे बघा. ओढा.

मिस्त्री : ओढला. सगळा जोर लावलाय. हलला का?

(अंगठा आहे तिथेच आहे. डॉक्टरबाई सर्जनला फोन लावतात.)

मिस्त्री : अगं, तू तरी बघ. हलला?

बायको : हलला हो. हलला थोडा.