ताईच्या किडनीतला झोपाळू

किडनीच्या दवाखान्यात माझ्या मागच्या बाकावर भाऊ-बहीण बसले होते. तिची किडनी त्याला बसवली होती.

“ताई, तुझ्या किडनीत विषाणू निघालाय. लहानपणापासून तिच्यातच झोपला होता म्हणे.”

“माझ्याकडे कधी हूं की चूं केलं नाही त्याने!”

“तुझी प्रतिकारशक्ती पहाऱ्यावर होती. माझी गोळ्यांनी दाबून ठेवलीय, तुझी किडनी टिकावी म्हणून. मग जागा झाला तो.”

“म्हणजे चूक माझीच?”

“तसं नाही गं. पण देताना जरा आत बघायचंस.”

“डबा होता का तो, झाकण काढून बघायला? आणि माझ्यात शिरला कसा?”

“नक्की कुणालाच ठाऊक नाही. श्वासातून, नाहीतर उष्ट्यातून.”

“उष्ट्यातून? माझ्या पेल्यातलं अर्धं दूध पिऊन पेला गुपचूप परत कोण ठेवायचं? तुझाच होता तो विषाणू! इतकी वर्षं सांभाळला आणि किडनीसकट परत केला.”

“ताई, आता गोळ्या कमी करणार आहेत. माझ्या शरीराने तुझी किडनी नाकारली तर?”

“नाकारेल? जन्मात माझी एक तरी वस्तू नाकारलीस का तू?”